नाही म्हणण्याची रीत

१९९३ सालची गोष्ट. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं. नोकरी नव्हती. कविता होत्या, पण कवितांवर घर चालत नाही, हे अब्बांनी एव्हाना दोनदा सांगून झालं होतं. अखेर चंद्रपुरातल्या एका छोट्या छापखान्यात अक्षरजुळणीचं काम मिळालं. शिशाचे खिळे नुकतेच जाऊन तिथे कॉम्प्युटर आला होता. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘हे यंत्र आपल्या दुकानापेक्षा महाग आहे. जपून.’’

काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करत होती. मराठी जुळणी विंडोजमध्ये व्हायची, आणि विंडोज सुरू करायला तीन इंग्रजी अक्षरं टाइप करायची होती : डब्ल्यू, आय, एन. माझं बोट घसरलं आणि ‘एन’ऐवजी शेजारचं ‘एम’ पडलं. पडद्यावर ओळ उमटली, ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’.

‘बॅड’ हा शब्द मला शाळेपासून ठाऊक होता. तो वाईट मुलाला लावतात. मी दोन्ही हात मागे घेतले. शेजारी आमचे जुने कंपोझिटर काका बसले होते, मूलकडचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘‘काऊन रे बाबू, मशीन शिव्या देऊन राहिली का तुले?’’

आम्ही दोघं हसलो. पण खरं सांगतो, मनातून मी घाबरलो होतो. चूक एका अक्षराची होती. यंत्राचं बोलणं मात्र असं होतं, की चूक माझ्यात आहे असंच वाटावं.

आकाशवाणीसाठी बोलायचं ठरलं तेव्हा मी हा विषय सुचवला. ‘‘कवी माणूस तुम्ही, कॉम्प्युटरवर काय बोलणार?’’ असं मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, विषय कॉम्प्युटरचा नाहीच. विषय ‘नाही’ कसं म्हणावं याचा आहे, आणि तो भाषेचा विषय आहे.

आधी त्या काळ्या पडद्याविषयी थोडं. चित्रं नाहीत, माऊस नाही. शब्द टाइप करून यंत्राला काम सांगायचं. याला कमांड लाइन म्हणतात, आपण आज्ञेची ओळ म्हणू. मोबाइलच्या जमान्यात ती संपली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जगातले मोठमोठे सर्व्हर आजही बरेचसे याच ओळीवरून हाकले जातात. आज्ञा चुकली की यंत्र उलट एक वाक्य बोलतं. त्याला एरर मेसेज म्हणतात. या वाक्याला मोठा इतिहास आहे.

त्यातला सर्वांत छोटा संदेश एका अक्षराचाही नव्हता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७०च्या आसपास केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही प्रणाली घडवत होते. त्यात मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी ‘ईडी’ नावाचा प्रोग्रॅम होता. तुमची कोणतीही चूक झाली तरी तो एकच उत्तर द्यायचा : प्रश्नचिन्ह. बस, एवढंच. फाइल सापडली नाही, प्रश्नचिन्ह. आज्ञा चुकली, प्रश्नचिन्ह. काय चुकलं ते ज्याचं त्याने ओळखावं.

हा उद्धटपणा वाटेल, पण त्याला कारण होतं. तेव्हा पडदे दुर्मीळ होते. यंत्र कागदावर बोलायचं, आणि ते ज्या टेलिटाइपवर बोलायचं तो सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. चाळीस अक्षरांचं वाक्य म्हणजे चार सेकंद खडखडाट. यंत्राची स्मरणशक्तीही इतकी तोकडी, की प्रत्येक अक्षराचा हिशेब ठेवावा लागे. आपल्याकडे तार होती तेव्हा आपणही शब्द मोजूनच लिहीत होतो. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली. तारेत कुणी ‘कृपया’ लिहीत नव्हतं, कारण त्याचे पैसे पडत.

अडचण पुढे झाली. स्मरणशक्ती स्वस्त झाली, पडदे आले, पण बोलण्याची रीत तारेचीच राहिली. वर तिला फौजदारी शब्द चिकटले. काम मध्येच थांबलं तर ‘अबॉर्ट’. चालू काम बंद करायचं तर ‘किल’. पुढे जाता येत नसेल तर ‘फेटल’, म्हणजे प्राणघातक. न चालणारा पर्याय दिला तर ‘इल्लीगल’. आमच्या छापखान्यात फ्लॉपी नीट बसली नाही, की पडद्यावर विचारणा यायची : ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ मी घरी येऊन शब्दकोश उघडला. ‘अबॉर्ट’चा पहिला अर्थ गर्भपात. ‘फेल’चा अर्थ सांगायला नको, तो बी.ए.ला थोडक्यात हुकला होता. एका फ्लॉपीसाठी तीन पर्याय, आणि त्यातले दोन असले!

याहून गमतीचा एक संदेश आहे : ‘नॉट अ टाइपरायटर’. कित्येकांना पाठवलेली ई-मेल परत यायची आणि सोबत हे कारण असायचं. ई-मेलचा आणि टाइपरायटरचा संबंध काय? संबंध असा. युनिक्समध्ये प्रत्येक चुकीला एक क्रमांक असतो, आणि क्रमांकावरून वाक्य काढून देणारा एक तक्ता असतो. समोर टेलिटाइप आहे का, हे एखादा प्रोग्रॅम सहज तपासून पाहायचा. नसला, की त्या नकाराचा क्रमांक नोंदला जायचा आणि तसाच पडून राहायचा. पुढे दुसऱ्याच कारणाने काम अडलं, की प्रोग्रॅम हाच शिळा क्रमांक उचलून तक्त्यातलं वाक्य वाचून दाखवायचा. कारण आजचं, उत्तर मागच्या जमान्यातलं.

हे सुधारलं पाहिजे, असं म्हणणारी माणसं हळूहळू पुढे आली. मेरिलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी १९८२ साली यंत्राच्या संदेशांवर निबंध लिहिला. नुसतं मत न देता त्यांनी प्रयोगांचा आधार दिला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ साधा आहे : काय चुकलं ते नेमकं सांगा, माणसाला दोष देऊ नका, पुढे काय करायचं ते सांगा. तुमच्या-माझ्या आजीलाही हे ठाऊक होतं. पण आजीचं म्हणणं यंत्रापर्यंत पोचायला निबंध लागतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत ‘ग्नू’ हा मोठा प्रकल्प आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी त्यांची एक नियमावली आहे. तिच्यात एक नियम मी वाचला तेव्हा कवी म्हणून थक्क झालो. नियम असा, की वापरणाऱ्याने चुकीचं काही टाइप केलं तर त्याला ‘इल्लीगल’ म्हणू नका, ‘इनव्हॅलिड’ म्हणा. ‘इल्लीगल’ हा शब्द कायद्याने मना केलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवा. म्हणजे बोट घसरलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका. किती लहान नियम, आणि किती शहाणा!

आता आपल्या मराठीकडे येऊ. १९९५च्या सुमारास ‘ग्नू’च्याच प्रकल्पात ‘गेटटेक्स्ट’ नावाची सोय आली. प्रोग्रॅममधली सारी वाक्यं एका वेगळ्या फाइलमध्ये काढायची. वर इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. त्या जागेत ज्याने त्याने आपली भाषा लिहायची. २०००नंतरच्या दशकात मराठी मुला-मुलींनी अशा हजारो ओळी भरल्या. काही पगारी होते, पुष्कळसे हौसेने करणारे. २००८ साली ‘फ्युएल’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. नेहमी लागणारे शब्द सर्वांनी सारखेच वापरावेत, हा त्याचा हेतू. त्यातही मराठीची यादी झाली. हे कष्टाचं काम होतं आणि मी त्याला मनापासून सलाम करतो.

काम अवघड का होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. इंग्रजीत वाक्य असतं : अमुक ‘नॉट फाउंड’. ‘अमुक’च्या जागी यंत्र हवं ते नाव भरतं. मराठीत काय लिहाल? फाइल सापडली नाही. फोल्डर सापडला नाही. चित्र सापडलं नाही. आमच्या भाषेत हरवलेल्या वस्तूचंही लिंग पाहावं लागतं! अनुवादकासमोर मात्र एकच रिकामी जागा असते.

पण एका शब्दापाशी मी अडलो, आणि अजून अडून आहे. ‘इनव्हॅलिड’ला मराठीत काय लिहिलं गेलं? ‘अवैध’. अवैध पर्याय, अवैध पासवर्ड, अवैध तारीख. कोशाच्या दृष्टीने शब्द चूक नाही. पण ‘अवैध’ आपण रोज कुठे वाचतो? अवैध दारू. अवैध वृक्षतोड. अवैध रेती उपसा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्तमानपत्रात हा शब्द पोलिसांच्या गाडीतून उतरतो. म्हणजे इंग्रजीने विचारपूर्वक जो गुन्ह्याचा वास काढून टाकला, तो आम्ही अनुवाद करताना पुन्हा आत घेतला.

शब्दावर एवढा कीस काढायचं कारण काय, असं कुणी म्हणेल. कारण आमच्या भागात ‘अवैध’ हा नुसता शब्द नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्याखाली इथली कित्येक माणसं आपल्याच रानात, आपल्याच बांधावर अतिक्रमणकर्ती ठरली. २००६ साली वनहक्क कायदा झाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच लिहावं लागलं, की या माणसांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव सर्वांना ठाऊक आहे. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यात बांबूही आला, कारण नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं. पण गाव बांबू विकायला निघालं, तेव्हा वाहतुकीचा परवाना मिळेना. का? तर १९२७च्या कायद्यातल्या व्याख्येत बांबू हे झाड होतं. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं. जुना तक्ता झाड म्हणत होता. हे वाचलं की मला ‘नॉट अ टाइपरायटर’ आठवतो. काम आजचं, उत्तर शिळ्या तक्त्यातलं. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. जुन्या तक्त्यातला बांबू मात्र २०१७च्या अखेरीस, वटहुकूम काढून, झाडांच्या यादीतून बाहेर पडला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं बोलतो आहे, ती. काही वर्षांपूर्वी ओळखीतला एक माणूस माझ्याकडे एक कागद घेऊन आला. गाव सांगत नाही, कचेरीही सांगत नाही. घडी घालून घालून कागद घड्यांवर फाटला होता. ‘‘भाऊ, तुम्ही शिकलेले. वाचून सांगा.’’ त्याच्या वनहक्काच्या दाव्यावरचं उत्तर होतं ते. मजकुराचा सारा जीव दोन तुकड्यांत होता : दावा अमान्य, पुरावा अपुरा.

मी वाचून दाखवलं. त्याने विचारलं, ‘‘अपुरा म्हणजे किती कमी?’’ मला सांगता येईना. कोणता पुरावा कमी? कागदावर नव्हतं. आता कुठे जायचं? तेही नव्हतं. तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे चूक माहीच होती का?’’

समोर ईडीचं प्रश्नचिन्हच होतं, फक्त शिक्का मारलेलं.

त्या रात्री मी कायद्याचे नियम वाचायला बसलो. कळलं ते असं. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, आणि पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. त्याच्या गावात असे दोन म्हातारे तेव्हा जिवंत होते. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर तो त्यांच्याकडे गेला असता. आणखी कळलं ते असं, की निर्णयाविरुद्ध दाद मागायला साठ दिवसांची मुदत असते. कागद त्याच्या ट्रंकेत वर्षभर पडून होता. साठ दिवस कधीच उलटले होते.

आम्ही तरीही अर्ज केला. जबाब लिहून घेतले. त्याचं पुढे काय झालं ते मी इथे सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका अर्जाचा नाही. मुद्दा असा, की हे असं होतं म्हणूनच २०१२ साली या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. दावा फेटाळला तर दावेदाराला तसं प्रत्यक्ष कळवायचं, कारणांसह कळवायचं, म्हणजे त्याला साठ दिवसांत दाद मागता येईल. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला, तर सरळ फेटाळायचा नाही. फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. आणि ठराव बदलणारा किंवा नाकारणारा आदेश ‘स्पीकिंग ऑर्डर’ असला पाहिजे. कायद्याच्या भाषेतला हा शब्द मला फार आवडतो. बोलका हुकूम! ज्यात कारण आहे तो हुकूम बोलतो. ज्यात कारण नाही तो मुका.

श्नायडरमन यांचा निबंध आणि हा नियम शेजारी ठेवून पाहा. काय चुकलं ते सांगा. माणसाला गुन्हेगार करू नका. पुढची वाट दाखवा. एक यंत्रासाठी लिहिला गेला, दुसरा कचेरीसाठी. दोन्हीकडे शहाणपण एकच.

यंत्रं या बाबतीत बरीच सुधारली आहेत. पुण्यात इंजिनीअर असलेला माझा भाचा सुट्टीत घरी आला होता. म्हणाला, ‘‘मामू, हे बघा.’’ त्याने काळ्या पडद्यावर मुद्दाम एक आज्ञा चुकीची टाइप केली. यंत्राने सांगितलं, ही आज्ञा मला माहीत नाही. तिच्याशी सर्वांत जुळणारी आज्ञा अमुक आहे. हे ‘गिट’ नावाचं सॉफ्टवेअर. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात, हे ते मोजतं. या मोजणीचं गणित व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६०च्या दशकात मांडलं. २०१५ साली ‘एल्म’ या प्रोग्रॅमिंग भाषेने संदेश साध्या बोलीत आणले. ‘मला हे नाव सापडत नाही’ अशा थाटात यंत्र स्वतःकडे कमीपणा घेऊन बोलू लागलं. पाठोपाठ २०१६मध्ये ‘रस्ट’ भाषेने चुकलेली ओळच दाखवून, खाली खुणा करून, काय बिघडलं ते सांगायला सुरुवात केली.

मी भाच्याला म्हटलं, ‘‘हे १९९३ साली असतं तर यंत्राने मला विचारलं असतं, तुम्हाला ‘विन’ म्हणायचं होतं का? आणि मी म्हणालो असतो, हो बाबा, तेच.’’

मात्र एक नवा रोग आला आहे. ‘अरेरे, काहीतरी चुकलं. नंतर प्रयत्न करा.’ शब्द गोड, आत काही नाही. हेही ईडीचं प्रश्नचिन्हच, फक्त साखरेत घोळलेलं. नम्रता म्हणजे माहिती नव्हे. रेशनच्या दुकानात म्हातारीचे ठसे जुळले नाहीत, तर तिला ‘क्षमस्व’ नको असतं. आता धान्य कसं मिळेल हे हवं असतं.

चांगला नकार कसा असतो, ते मी एकदा धानोऱ्याच्या पुढे ऐकलं. एका गावात कवितेचा कार्यक्रम होता आणि मी मोटरसायकलवर वाट चुकलो. संध्याकाळ झाली होती. एक म्हातारा बाबा गुरं घेऊन येत होता. मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘‘हा रस्ता तिकडे जात नाही जी. मागे वळा. मोठा मोह लागेल, तिथून डाव्या हाताला धरा. नाल्याला पाणी असलं तर थांबा, मी येतोच मागून.’’ या एवढ्याशा बोलण्यात सगळं आलं. काय चुकलं, कुठे चुकलं, काय करायचं, आणि तेही जमलं नाही तर काय. ‘तुम्ही चुकलात’ हे शब्द त्यात नव्हते. चुकला होता तो रस्ता.

मराठी संदेश असे लिहिता येणार नाहीत का? ‘अवैध पर्याय’ऐवजी ‘या आज्ञेला असा पर्याय नाही, असलेले पर्याय पाहायचे तर हेल्प लिहा’. ‘पासवर्ड प्रविष्ट करा’ऐवजी ‘पासवर्ड लिहा’. प्रविष्ट कोण करतं हो? ‘अवैध तारीख’ऐवजी ‘आधी दिवस, मग महिना, मग वर्ष लिहा’. मुक्त सॉफ्टवेअरच्या या फाइली सर्वांना खुल्या आहेत. चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजातल्या मुला-मुलींनी ठरवलं तर दिवाळीच्या सुट्टीत शंभर वाक्यं सुधारून पाठवता येतील. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. चुकलेल्या माणसाच्या जागी एकदा बसून पाहावं लागतं.

छापखान्यातले काका आता नाहीत. ट्रंकेत कागद ठेवणारा तो माणूस अधूनमधून बाजारात भेटतो, हात वर करतो. त्याने त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा नीट दिलं नव्हतं. आज देतो. नाही भाऊ, चूक तुमची नव्हती. कागदाला बोलता येत नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)